कवळीमुळे ओठाच्या आत मांस वाढलंय: लेझर, कॉटरी की साधी सर्जरी? (ठाणे / नवी मुंबई)

नौपाडा_जुना

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय. जरा लांबलचक होईल पण सगळं एकदाच लिहितो.

आई सत्तरी ओलांडलेली, आमच्याकडेच असते. वरची पूर्ण कवळी आहे, फार जुनी, बाबा असताना केलेली. खाली पुढचे स्वतःचे दात आहेत, दाढा नाहीत. कवळी हल्ली सैल झालीये, बोलताना खाली येते, म्हणून पावडर टाकून बसवते आणि एकदा बसली की काढतच नाही, रात्री झोपतानाही तोंडातच. दुखतं का विचारलं की नाही म्हणते. परवा तिचा वरचा ओठ पुढे आल्यासारखा वाटला म्हणून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर ओठ आणि हिरडीच्या मधे मांसाच्या दोन घड्या आल्यात, एकावर एक, आणि कवळीची कड बरोबर त्या दोन घड्यांच्या मधल्या चिरेत जाऊन बसते. रंग गुलाबीच आहे, चिरेत आत लाल आहे.

जितके डॉक्टर तितकी मतं. आमचे नेहमीचे डेंटिस्ट म्हणाले लेझरने उडवू, टाके नाहीत, रक्त नाही. घोडबंदरला दाखवलं ते म्हणाले कापून काढू आणि त्याच वेळी वेस्टिब्युलोप्लास्टी (ओठ आणि हिरडीमधली खोबण खोल करायची सर्जरी) करू. वाशीला बहिणीच्या ओळखीच्या डॉक्टर आहेत त्या म्हणतात आधी कवळी घालणं बंद करा, मग बघू किती कापायचं ते. आईला शुगर आहे, बीपीची गोळी आहे आणि इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. आता कोणाचं ऐकायचं? आणि हे कॅन्सरचं तर काही नाही ना, हे आईसमोर विचारता येत नाही म्हणून इथे विचारतोय.

---

कळवेकर

दादा, वाशीच्या डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. माझ्या वडिलांना हेच झालं होतं, खालच्या बाजूला, पण एकच घडी आणि लहान. त्यांच्या डॉक्टरांनी कवळीची टोचणारी कड मशीनने घासून कमी केली, आतून एक मऊ अस्तर लावलं आणि रात्री कवळी पाण्यात ठेवायची सक्त ताकीद दिली. घडी हळूहळू आक्रसत गेली, अगदी नाहीशी नाही झाली पण इतकी कमी की कापायची गरजच उरली नाही, नवीन कवळी त्यावर व्यवस्थित बसली. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही पण सुई टोचण्याआधी ही संधी द्यायला काय हरकत आहे.

---

ओएस_नेरुळ

मी ओरल सर्जन आहे, नवी मुंबईत काम करतो. न तपासता निदान करणार नाही, पण वर्णनावरून जे वाटतं ते सविस्तर लिहितो कारण अशा पेशंटना बऱ्याचदा अर्धीच माहिती मिळते.

याला आम्ही एप्युलिस फिशरेटम म्हणतो. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, ते थांबत नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात काही पेशंट २५ वर्षांपर्यंत तपासत राहिले आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट निघाली. हाड बसतं पण कवळी तीच राहते, मग ती खाली-वर सरकते, तिची कड ओठाच्या बाजूच्या मऊ भागात रुतते आणि तिथे सतत घासून घासून शरीर जाड तंतूंचं मांस तयार करतं. गाठ म्हणून ती साधी असते, पसरत नाही. हळू वाढते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं दाखवत नाहीत.

आता तुमचा प्रश्न. तिघांची मतं एकमेकांविरुद्ध नाहीत, तिघं वेगवेगळ्या टप्प्याबद्दल बोलतायत.

पहिला टप्पा वाशीच्या डॉक्टरांचा. कवळी बंद, किंवा कड कापून आत टिश्यू कंडिशनर म्हणजे मऊ अस्तर, साधारण दोन ते तीन आठवडे, अस्तर काही दिवसांनी कडक होतं म्हणून मधे बदलत राहायचं. मांसात जी सूज असते ती या काळात उतरते. घडी नवीन आणि लहान असेल तर कळवेकरांच्या वडिलांसारखं होतं. जुनी, तंतुमय झालेली असेल तर ती पूर्ण जात नाही, पण सूज उतरल्यामुळे कापायचं क्षेत्र लहान होतं, आणि आमच्यासाठी हा फार मोठा फायदा आहे. सुजलेल्या मांसावर थेट सुरी चालवली की गरजेपेक्षा जास्त कापलं जातं आणि रक्तही जास्त येतं.

दुसरा टप्पा कापण्याचा. इथे स्केलपेल म्हणजे साधी सर्जरीची सुरी, कॉटरी, लेझर हे तीन मुख्य पर्याय, तिन्ही जागेवर भूल देऊन होतात, ॲडमिट व्हावं लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हत्यार कुठलं यापेक्षा ओठ आणि हिरडीमधली खोबण खोल राहते की नाही हे बघायचं. कवळी त्या खोबणीत कड रोवूनच टिकते. मांस काढलं आणि दोन्ही कडा ओढून सरळ टाके घातले की जखम झटपट भरते पण ओठ आत ओढला जातो, खोबण उथळ होते, आणि नवी कवळी उभीच राहत नाही. म्हणून घडी मोठी असेल तर आम्ही कडा ओढून शिवत नाही. ओठाकडची कड खाली हाडावरच्या पडद्याला टाके घालून खोलवर बसवतो आणि मधला भाग उघडा ठेवतो, तो आपोआप नव्या कातडीने भरून येतो, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात कवळीलाच मऊ अस्तर लावून ती पट्टीसारखी वापरतो म्हणजे खोबण परत चिकटत नाही. घोडबंदरचे डॉक्टर वेस्टिब्युलोप्लास्टी म्हणाले ते याच कुळातलं. फार मोठा भाग उघडा पडणार असेल तर टाळूवरची किंवा गालाच्या आतली पातळ कातडी आणून तिथे लावतात, पण तुमच्या वर्णनावरून तितकं लागेल असं वाटत नाही.

---

सानपाडा_सून

डॉक्टरांनी खोबणीचं लिहिलं ते वाचून अगदी आमचीच गोष्ट वाटली. माझ्या सासूबाईंचं एका खाजगी क्लिनिकमध्ये (नाव नाही घेत) काढलं, अगदी पटकन झालं, टाके घातले, आठवड्यात निघाले, सगळे खूश. मग नवीन कवळीचं माप घ्यायला गेलो तर कवळीवाल्या डॉक्टर म्हणाल्या की इथे कड बसवायला जागाच नाही. कवळी केली तरी जांभई दिली की पडायची. सासूबाईंनी शेवटी ती कपाटात ठेवून दिली आणि आमटीत भाकरी कुस्करून खायला लागल्या. पुढे दुसऱ्या सर्जनकडे परत खोबण खोल करायची सर्जरी झाली तेव्हा कुठे कवळी टिकली. पहिल्यांदाच कोणी विचारलं असतं की कापल्यानंतर कवळी कोण करणार आणि त्यांच्याशी बोलणं झालंय का, तर म्हाताऱ्या बाईला दोनदा भूल घ्यावी लागली नसती. या गोष्टीचा मला अजून त्रास होतो म्हणून लिहिलं. नौपाडा_जुना, कृपा करून सर्जन आणि कवळी करणारे डॉक्टर यांना आधी एकमेकांशी फोनवर तरी बोलायला लावा.

---

खारघर_अभियंता

लेझरबद्दल थोडं कोणी सांगेल का, जाहिरातीत सगळेच लेझर लेझर करतात. त्यात प्रकार असतात ना?

जाता जाता एक गोष्ट, कार्बन डायऑक्साइड लेझर ज्यांनी शोधला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६४ साली त्यांनी तो बनवला. आज जगभर सर्जरीत वापरतात. आमच्या कॉलेजच्या माणसाचं काम कोणाच्या आईच्या उपयोगी पडतंय हे वाचून खरंच अभिमान वाटतो.

---

ओएस_नेरुळ

@खारघर_अभियंता, हो प्रकार असतात आणि फरक पडतो. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ती पाण्यात शोषली जाते, आणि तोंडातल्या मांसात पाणीच जास्त, त्यामुळे वरवर अचूक कापतो, खोल भाजत नाही. साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या कापता कापताच बंद होतात. मशीन महाग आणि मोठं, त्यामुळे साध्या क्लिनिकमध्ये सहसा नसतो. क्लिनिकमध्ये जो छोटा डब्यासारखा असतो तो डायोड लेझर, ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपास, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये आणि रंगद्रव्यात शोषला जातो, बारीक फायबर मांसाला टेकवून कापतो. रक्त थांबवायला उत्तम पण हळू चालतो, आणि जास्त वेळ एका जागी धरला तर आजूबाजूला उष्णता जाते.

लेझरचे खरे फायदे म्हणजे कापताना रक्त कमी, समोर स्वच्छ दिसतं, बहुतेक वेळा टाके नाहीत, नंतर सूज आणि जखम आकसणं कमी. हा शेवटचा मुद्दा खोबणीसाठी कामाचा आहे, कारण उघडी ठेवलेली जखम भरताना जितकी कमी आकसेल तितकी खोबण टिकते. तोटा म्हणजे पहिल्या काही दिवसांत जखम स्केलपेलपेक्षा हळू भरते, आणि कापलेल्या मांसाची कड जळलेली असते, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला कडेचा भाग वाचता येत नाही. म्हणून शंका असलेली जागा असेल तर तिथे मी स्केलपेलच वापरतो.

कॉटरी म्हणजे विजेच्या तारेने कापणं. जवळपास सगळ्या हॉस्पिटलात असते, स्वस्त, रक्त थांबतं. पण उष्णता आजूबाजूला जास्त पसरते, हाडाला लागली तर हाड दुखावतं, नंतर दुखतंही जास्त. पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं. नायट्रोजनने गोठवून काढायची पद्धतही आहे, पण त्यात सूज बरीच येते आणि तपासायला मांसाचा तुकडाच हातात राहत नाही, म्हणून मी ती या कामाला सुचवत नाही.

स्केलपेलला जुनाट समजू नका. मोठी घडी, हाडावरचा पडदा सांभाळायचा, तुकडा नीट तपासायला पाठवायचा, अशा वेळी अनुभवी हातातली सुरी माझ्या मते पहिली निवड आहे. डायोड असलेल्या पण खोबणीचा विचार न करणाऱ्या डॉक्टरपेक्षा सुरीवाला पण कवळीचा विचार करणारा डॉक्टर निवडा.

---

निवृत्त_सिस्टर

मी सरकारी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला खूप वर्षं काढली आहेत. कॅन्सरच्या प्रश्नावर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

कवळीच्या या घड्या बहुतेक वेळा साध्याच असतात बाळा, घाबरू नकोस. पण काढलेलं प्रत्येक मांस बायोप्सीला गेलंच पाहिजे, दिसायला कितीही साधं असलं तरी. लेझरने "उडवू" म्हणणाऱ्यांना आधीच विचार की तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवणार ना? रिपोर्ट लेखी मिळणार ना? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. कारण कवळीखाली लपलेला एखादा खरा आजार क्वचित असतो, आणि तो कवळीचाच चट्टा समजून महिनोन्महिने मलमं लावत बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

कवळी बंद केल्यावर दोन आठवड्यांत जो चट्टा भरत नाही, कडा कडक लागतात, रक्त येतं, ओठ बधिर होतो, मानेत गाठ लागते, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. आणि आई मिश्री लावतात का? आमच्या पिढीच्या पुष्कळ बायका लावतात आणि डॉक्टरांनी विचारलं की नाही म्हणतात, मुलासमोर तर नक्कीच. तुझ्या बायकोला एकटीने विचारायला सांग. लावत असतील तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. देवाच्या कृपेने तसलं काही निघणार नाही पण निघालं तर खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, परळला टाटा मेमोरियल आहे, आपल्यापासून लांब नाही.

---

नौपाडा_जुना

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ओएस_नेरुळ आणि सिस्टर. बायकोने विचारलं, आई मिश्री लावत होती पण गावाला असताना, ठाण्याला आल्यापासून नाही म्हणते. डॉक्टरांना सांगणार आहे.

आता मोठी अडचण वेगळीच आलीये. आई कवळी काढून बसायला तयार नाही. म्हणते दात नसताना मी कोणासमोर बसू, सोसायटीत हळदीकुंकू आहे, भाचीचं लग्न आहे. आम्ही ओरडलो तर रडायला लागली. तिला जबरदस्ती करायचं माझ्याच्याने होत नाही. यावर काही मार्ग?

---

कवळी_डॉक्टर_ठाणे

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, कवळ्या हेच माझं काम. आईंवर ओरडू नका. दात नसलेलं तोंड घेऊन चारचौघांत बसणं हे वयस्कर बाईसाठी फार जड असतं, मी रोज बघते, आणि जे डॉक्टर नुसतं "कवळी बंद" सांगून मोकळे होतात त्यांनी या बाजूचा विचार करायला हवा.

मधला मार्ग आहे. कवळीची पुढची कड घडीच्या आसपास भरपूर कापून टाकायची, म्हणजे ती मांसाला टेकणारच नाही, आणि आत मऊ अस्तर. दिसायला दात जागेवर राहतात. मग घरात असताना आणि रात्री कवळी बाहेर, साध्या पाण्यात, गरम पाण्यात नको कारण ॲक्रिलिक वाकडं होतं. लग्नाला, हळदीकुंकवाला घालायची. पूर्ण बंद केल्याइतका परिणाम नाही होणार पण आई ऐकतील तरी. पावडर मात्र कमी करा, पावडरचा जाड थर टाकून सैल कवळी चालवत राहणं हे चालवण्यातलं नाही.

अजून दोन गोष्टी तपासायला सांगा. एक, टाळू. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर बारीक बारीक दाण्यांसारखं लाल मांस येतं, त्यात बुरशी, कॅन्डिडा, असते, शुगर असेल तर हमखास संशय घ्यायचा. त्याला आधी बुरशीचं औषध, कवळीचीही सफाई, रात्री कवळी बाहेर. लहान दाणे तेवढ्यानेच बसतात. उंच झालेले असतील तरच खरवडून, कॉटरीच्या लूपने किंवा लेझरने काढतात, आणि तिथली जखमही उघडीच भरू देतात.

दोन, तुम्ही लिहिलंय खाली पुढचे स्वतःचे दात आहेत आणि वर पूर्ण कवळी. हे जोडीचं दुखणं फार ओळखीचं आहे. खालचे खरे दात वरच्या कवळीला पुढून ठोकत राहतात, पुढचं वरचं हाड झिजतं आणि त्याजागी हाडाऐवजी लुळं, हलणारं मांस राहतं. बोटाने दाबलं तर हिरडी हलते का बघा. हे मांस आणि घडीचं मांस वेगळं आहे. घडी काढायची, पण हे हलणारं मांस सरसकट कापायचं नाही. ते कापलं तर खाली उंचवटाच उरत नाही आणि कवळीला आधार राहत नाही. बऱ्याचदा आम्ही माप घेतानाच त्या भागासाठी ट्रेमध्ये खिडकी ठेवतो आणि तिथे पातळ मटेरियल वापरतो म्हणजे मांस दाबलं जात नाही. अगदीच लोंबत असेल तर मधून पाचरीसारखा तुकडा काढतात, पण तो निर्णय सर्जनने एकट्याने घेऊ नये. आणि खाली दाढा लावून घ्या, नाहीतर नवी कवळी परत पुढूनच मार खाईल आणि काही वर्षांनी हाच धागा परत काढाल.

---

घणसोली_७

इंप्लांट केले तर हे सगळं कटकटीचं संपत नाही का? माझ्या काकांना तेच सुचवलंय, त्यांना खालची कवळी हलते आणि खाली घडी आहे.

---

कवळी_डॉक्टर_ठाणे

@घणसोली_७, खालच्या पूर्ण कवळीसाठी दोन इंप्लांटवर बटणासारखी बसणारी कवळी हा खरंच चांगला पर्याय आहे, २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र येऊन तीच पहिली निवड असावी असं म्हटलं होतं. कवळी हलत नाही म्हणून घडी परत यायची शक्यता कमी. पण घडी आधी काढावी लागते, हाड बघावं लागतं, खर्च बराच आहे. आणि काकांचं खालचं असेल तर सर्जनला एक गोष्ट विचारा. खालच्या जबड्यात हाड फार झिजलं की ओठाला संवेदना देणारी मेंटल नर्व्ह जिथून बाहेर येते ते छिद्र हिरडीच्या वरच्या टोकावर येतं. कवळी त्यावर दाबते म्हणून ओठाला झिणझिण्या येतात, आणि तिथली घडी कापताना ती नस सांभाळावी लागते. अशा पेशंटचं काम शिकाऊ हाताने करू नये.

---

ओएस_नेरुळ

वरच्या मॅडमशी पूर्ण सहमत. गोळ्यांबद्दल राहिलं होतं. इकोस्प्रिन ७५ साठी अशी छोटी सर्जरी आम्ही सहसा थांबवत नाही, जागेवरच रक्त थांबवता येतं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा बोळा दाबून ठेवता येतो. स्वतःहून गोळी बंद करू नका, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. वॉरफरिन, असिट्रॉम अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, आधी बघतात. शुगर ताब्यात हवी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ताजी करून ठेवा कारण उघडी जखम शुगरमध्ये रेंगाळते. आणि एक प्रश्न वयस्कर बायकांना हमखास विचारायचा राहतो: हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू आहे का? ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड वगैरे. असेल तर जबड्याचं हाड उघडं पडू देणं धोक्याचं, सर्जनला आधी कळलंच पाहिजे.

---

नौपाडा_जुना

बरेच दिवसांनी लिहितोय, काम झालं, म्हणून सगळं सांगतो. पुढे कोणी शोधत आलं तर उपयोग होईल.

कवळीची कड कापून मऊ अस्तर लावलं, लग्न आईने दात घालूनच केलं, फोटो काढले, खूश होती. रात्री काढायला लागली, सुरुवातीला झोप नाही यायची म्हणे. टाळूवर बुरशी निघालीच, क्लोट्रिमाझोलचं औषध लावलं, ते बसलं. घड्यांची सूज उतरली, वरची घडी अर्ध्यावर आली, खालची तशीच कडक राहिली. मग सर्जन आणि कवळीच्या डॉक्टर दोघांना एका डेंटल कॉलेजमध्येच दाखवलं, म्हणजे दोघं एका छताखाली, आणि तिथे खर्चही खाजगीच्या मानाने खूप कमी आला. वेळ जातो, केसपेपर, रांग, विद्यार्थी आधी तपासतात मग सर येतात, पण विद्यार्थ्यांनी आईशी फार गोड वागून सगळं विचारलं.

त्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइड लेझर होता पण सरांनी खालची कडक घडी स्केलपेलने काढली कारण चिरेतला लाल भाग त्यांना नीट तपासायला पाठवायचा होता, आणि वरची उरलेली घडी लेझरने. म्हणजे दोन्ही वापरलं. कड खोलवर टाके घालून बसवली, मधला भाग उघडा. कवळीला अस्तर लावून तीच लगेच घालायला दिली, पहिला दिवसभर काढायची नाही असं सांगून. भूल उतरल्यावर आईला दुखलं, पण पॅरासिटामॉलवर भागलं. बर्फ बाहेरून. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, जोरात नाही. खायला पेज, गुरगुट्या भात आणि तूप, नाचणीची आंबील गार करून, ताक. तिखट आणि लोणचं बंद, हे तिला सर्जरीपेक्षा जड गेलं.

एक सांगायचंय, जखमेवर पांढरा-पिवळा थर येतो, आम्ही पू झाला समजून रात्री घाबरलो होतो. तो जखम भरतानाचा नेहमीचा थर असतो, घासून काढायचा नाही. पू असेल तर दुखणं वाढत जातं, वास येतो, ताप येतो, तसं काही नव्हतं.

बायोप्सी रिपोर्ट आला: इन्फ्लमेटरी फायब्रस हायपरप्लेसिया, म्हणजे साधी वाढ, वाईट काही नाही. तो कागद वाचून आम्ही नवरा-बायको कॉलेजच्या आवारातच बाकावर बसून राहिलो थोडा वेळ. आईला त्यानंतर सांगितलं की आम्ही कशाला घाबरलो होतो.

नवीन कवळीचं माप जखम पूर्ण भरल्यावर आणि खोबण स्थिर झाल्यावर घेतायत, घाई केली नाही त्यांनी. खाली दाढांची काढता येणारी कवळी पण करतायत.

---

निवृत्त_सिस्टर

छान झालं रे. आता नवीन कवळी आली की वर्षातून एकदा तरी दाखवायला न्यायचं, दुखत नसलं तरी. सैल वाटली की लगेच अस्तर बदलून घ्यायचं.

---

घणसोली_७

काकांना घेऊन जायचंय. कॉलेजमध्ये आधी कुठल्या विभागात जायचं? आणि जुनी कवळी न्यायची का? ते म्हणतात ती फेकून दिली तरी चालेल.

---

नौपाडा_जुना

@घणसोली_७, सकाळी लवकर केसपेपर काढायचा, तिथून ओरल मेडिसिन विभागात पाठवतात, ते बघून सर्जरी आणि प्रोस्थो म्हणजे कवळीच्या विभागाला चिठ्ठी देतात. नेरुळ, बेलापूर, खारघर तिन्हीकडे डेंटल कॉलेजं आहेत, काकांना जवळ पडेल ते बघा. जुनी कवळी अजिबात फेकू नका, सर्जरीनंतर पट्टी म्हणून तीच लागते, आणि कड कुठे रुतते ते तिच्यावरूनच कळतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. काकांना ओठाला झिणझिण्या येत असतील तर ते पहिल्याच वेळी सांगा.